मेपलवरचं तहानलेलं फर्न
जुलै सरत आला, की बेलव्ह्यूच्या आमच्या अंगणातल्या मेपलच्या खोडावरचं फर्न सुकून तपकिरी होतं आणि मला ऐंशीच्या दशकातला तो उन्हाळा आठवतो. सासरे पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. शेवाळात रुजलेलं ते फर्न बघून हळहळले, ‘‘मुळाखाली माती नाही बिचाऱ्याच्या, पाणी कुठून मिळणार?’’ तेव्हापासून रोज चहा झाला, की ते तांब्या भरून खोडावर पाणी शिंपडायचे. ओल्या शेवाळाचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. ‘‘आजोबा, इट्स डेड,’’ आमची लेक म्हणायची. ‘‘मेलं नाही गं, तहानलंय.’’ सप्टेंबरात ते परत गेले, तेव्हाही फर्न तसंच होतं. ऑक्टोबरच्या पावसात मात्र ते दरवर्षीसारखं आपोआप हिरवंगार झालं. फोनवर त्यांनी सगळ्यात आधी तेच विचारलं. एरवी वडिलांची बारीकशी चूकही न सोडणारा माझा नवरा म्हणाला, ‘‘हो बाबा, तुम्ही पाणी घातलंत ना, म्हणून जगलं.’’ बाबा जाऊन आता खूप वर्षं झाली. पाऊस आला की फर्न हिरवं होणारच, हे नवऱ्याला पक्कं ठाऊक आहे. तरी आज सकाळी चहा झाल्यावर, दुखरे गुडघे सांभाळत, तो तांब्या घेऊन मेपलपाशी गेला.