पहिल्या ओळीतला साहेब

माझं अख्खं आयुष्य शोधाशोधीच्या धंद्यात गेलं. पुढे मोठ्या शहरांत, काचेच्या इमारतींत बसूनही मी हेच एक काम केलं: माणसाने चार शब्द विचारले की ढिगाऱ्यातून त्याला हवा असलेला कागद वर काढून द्यायचा. आजची पोरं या विषयावर भाषणं देतात. कोणता निकाल वर यावा, कोणता खाली, याचे आलेख दाखवतात. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकतो. वर कोण बसणार हा प्रश्न गणिताचा आहे असं त्यांना वाटतं, कारण त्यांनी हथखोजला नोकरी केलेली नाही.

मी केली. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. भिलाईजवळच्या हथखोजला एका खाजगी कारखान्यात मोठ्या यंत्रांचे सुटे भाग बनत: गिअर, पिनियन अशी दातेरी चाकं, कपलिंग. प्रत्येक भागाचं ड्रॉइंग असे, आणि माप बदललं की त्याच ड्रॉइंगची नवी आवृत्ती निघे. अशी हजारो ड्रॉइंगं लोखंडी कपाटांत गुंडाळून पडलेली. हवं ते सापडलं तर नशीब. म्हणून कारखान्याने कम्प्युटर घेतला आणि तो चालवायला मला घेतलं.

माझे वडील मूळ विदर्भातले, भिलाईच्या रेल्वे यार्डात रूळ बदलणारे पॉइंट्समन. शाळा चौथीपर्यंत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. दुर्गला बी.एस्सी. केलं, मग रायपूरला कम्प्युटरचा डिप्लोमा. हे मी मिरवून सांगतो. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पदव्या टांगलेल्या असतात, त्यांनी खुशाल नाक मुरडावं.

आमच्या मोहल्ल्यात, वैशाली नगरात, वडील सगळ्यांना सांगत, "पोरगा कागद शोधाची मशीन चालवते." त्यावर शेजारचे काका, हे एका कचेरीत क्लार्क, एकदा गंभीर चेहऱ्याने आले. म्हणाले, "आमची सायकल गेली ना बाप्पा पावर हाउसच्या बाजारातून. पाह्य बरं तुया मशीनमंदी." मी हसलो. ते हसले नाहीत.

कारखान्यात त्या मशीनचा थाट काही विचारू नका. अख्ख्या कारखान्यात एसी दोनच, एक मोठ्या साहेबाला आणि एक कम्प्युटरला. खोलीबाहेर चपला काढायच्या. विश्वकर्मा पूजेला त्याला हार, कुंकू, वर नारळ. नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडलं तेव्हा पुसायला मी, आणि आरतीचं ताट धरायला मॅनेजर. हा मॅनेजर नागपूरचा, मराठी. पण हापिसात हिंदीच बोले. काही काढून घ्यायचं असलं की त्याला मराठी आठवायची.

मी प्रोग्रॅम लिहिला. शब्द टाका, तो शब्द ज्या ज्या ड्रॉइंगमध्ये असेल त्यांची यादी पडद्यावर येईल. एकाच वस्तूला एक खातं बुश म्हणे, दुसरं स्लीव्ह, म्हणून मी दोन्ही शब्द आतून जोडून ठेवले. आणि यादीत सगळ्यात नवी आवृत्ती सगळ्यात वर. यात काय मोठी अक्कल लागते? काल सुधारलेलं ड्रॉइंग जुन्याच्या आधी दिसावं, हे तिथला चहावालाही सांगेल. सांगू शकले नाहीत ते फक्त साहेब लोक.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. "पिनियन लगाओ," म्हणाले. मी लावलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत यादी उमटली. सर्वात वर एका नव्या इंजिनिअरने सही केलेलं ड्रॉइंग. मोठ्या साहेबांनी उमेदवारीच्या काळात सही केलेलं जुनं ड्रॉइंग पार तळाला. साहेब पेढाही न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर खोलीत आला, आणि मराठी बोलायला लागला.

"छान केलं रे तू. फक्त लिस्ट सिनियारिटीने लाव."

"कशाच्या, सर?"

"सही करणाऱ्याच्या. जो साहेब मोठा, त्याचं ड्रॉइंग वर."

त्याला दोष तरी काय द्यावा? आमच्या कारखान्यात सगळंच सिनियारिटीने चालायचं. मीटिंगमधल्या खुर्च्या, स्कूटर लावायची सावली, चहाचे कप. विश्वकर्म्याचा प्रसादसुद्धा हुद्द्याच्या उतरत्या क्रमाने, आणि शेवटच्या माणसाच्या हातावर लाडूचा नुसता चुरा. मग पडद्यानेच काय पाप केलं होतं?

मी म्हटलं, "सर, जुनी ड्रॉइंगं वर येतील. वर्कशॉपमधला माणूस पहिली ओळ पाहून उठतो."

"आवृत्ती लिहिलेली असते ना बाजूला? पाहतील लोक. तू लाव."

"मला तसं लिहून द्या."

"अरे, आपल्या माणसात लिहिणं कसलं?"

मी लावलं. नोकरी होती. पण त्याच्या तोंडावर सांगितलं की हे एक दिवस अंगलट येईल. तो 'आपल्या माणसा'च्या खांद्यावर थाप मारून गेला.

आणि लोकांनी बाजूला पाहिलं नाही. कोणीच पाहत नाही. पुढे माझ्या सगळ्या नोकरीत मी हेच पाहिलं, शिकलेला असो की अडाणी, माणूस पहिली ओळ घेतो आणि निघतो. शॉपने मोठ्या साहेबांचं जुनं ड्रॉइंग घेतलं, त्यावरून एक भलामोठा पिनियन कापला आणि गिऱ्हाइकाकडे धाडला. तो त्यांच्या यंत्राच्या दांड्यावर, शाफ्टवर, चढेना. शाफ्ट बदलून जमाना झाला होता, माप वाढलं होतं, नव्या आवृत्तीत ते स्वच्छ लिहिलेलं होतं. ट्रक तोच पिनियन घेऊन परत आला. गेटजवळ तो उतरवला तेव्हा सगळे साहेब भोवती असे उभे होते, जणू मयतीला आले आहेत.

संध्याकाळपर्यंत कारखाना एकच वाक्य बोलत होता: कम्प्युटरने गलत दिया.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. पुन्हा मराठी.

"लिहून दे बाळ, प्रोग्रॅममध्ये माझी चूक झाली म्हणून. साहेब मोठ्या मनाचे आहेत. समज देऊन सोडतील."

कालपर्यंत आपल्या माणसात लिहिणं नव्हतं. आज होतं.

घरी सांगितलं. वडील बूट काढत होते. म्हणाले, "करून टाक सही. कागदच तं हाय."

"नाही करत."

"कावून?"

"माझं चुकलं नाही, बाबा."

"साहेबाचं चुकलं असं साहेबाले सांगाले चालला का? नोकरी जाईन ना! तुले शिकवलं ते घरी बसाले नाही."

आई आतून म्हणाली, "शिकवलं म्हणूनच तं आडवा झाला."

घराण्यात पदवीच्या अर्जावर पहिली सही माझी होती. तीच सही दुसऱ्याच्या मूर्खपणाखाली करायची? मी नाही म्हटलं आणि जेवून झोपलो.

सकाळी मोठ्या साहेबांपुढे चौकशी होती. मी म्हटलं, दोन मिनिटं मशीनवर चला. सगळे चपला काढून आत आले. मी प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली, यादी पुन्हा आवृत्तीप्रमाणे लावली आणि तोच पिनियन शोधला. बरोबर ड्रॉइंग पहिल्या ओळीत. इतकं स्पष्ट की आंधळ्यालाही दिसावं.

मोठ्या साहेबांनी चष्मा सारून यादीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "मेरा वाला कहां गया?"

मॅनेजर म्हणाला, "सर, नीचे है, नीचे."

"नीचे?"

चौकशी संपली. पिनियन कसा चुकला हे कोणी विचारलं नाही. मी सही केली नाही, म्हणून मला ट्रकांची नोंद करायला गेटवर बसवलं. मी एक दिवस बसलो आणि राजीनामा दिला.

मग मोहल्ल्यात जे व्हायचं ते झालं. शेजारचे काका रोज फाटकापाशी. "कावून रे, तुया मशीनले तुयीच नोकरी नाही सापडून राहिली का?" वडील ऐकत आणि ड्युटीला निघून जात. माझ्याशी ते कामापुरतं बोलत. कागद शोधाची मशीन हा विषय त्यांनी बंद केला होता. मी हैदराबादला, नागपूरला अर्ज करत होतो.

काही महिन्यांनी एका रविवारी फाटकाशी स्कूटर थांबली. मॅनेजर. हातात मिठाईचा डबा. वडिलांनी बनियनवर घाईघाईने शर्ट चढवला, खुर्ची पुसली, आईला चहा टाकायला सांगितला.

मोठ्या साहेबांची बदली झाली होती. नवे साहेब आले होते. त्यांनीही मशीनवर पिनियन लावायला सांगितला, आणि त्यांचं नाव यादीत आलंच नाही. येणार कुठून? त्या माणसाने तिथे एकाही ड्रॉइंगवर सही केलेली नव्हती.

"साहेबांचं नाव वर दिसेल, तेवढं काहीतरी कर," मॅनेजर म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम आहे. नोकरीचंही बोलतो मी. आपला माणूस आहेस."

वडील दारात चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांना काय हवं होतं ते मला दिसत होतं.

मी म्हटलं, "येतो. आधी तुम्ही लिहून द्या, की यादी सिनियारिटीने लाव असं तुम्हीच मला सांगितलं होतं."

"तू अजून तिथंच आहेस?"

"कागदच तर आहे, सर."

त्याने वडिलांच्या हातातला कप घेऊन एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि हिंदीत म्हणाला, "बहुत पढ़ लिए हो." स्कूटर वळवून गेला. मिठाईचा डबाही आठवणीने घेऊन गेला.

वडील त्या भरल्या कपाकडे पाहत राहिले. "चहा तं पूर्ण पिऊ द्याचा होता त्याले," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता पुन्हा अबोला.

तेवढ्यात काका फाटकाशी आलेच. "कोन आलता भाऊ? स्कूटरवाला?"

वडिलांनी तो कप उचलला, तिथेच उभ्याने एक घोट घेतला.

"पोराचा साहेब होता," ते म्हणाले. "काई तरी शोधाले आलता. नाही सापडलं त्याले."