झिजलेली उलथणी

शिल्पकला शिकून मी धसईला परत आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. मुरबाडच्या शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीत स्वतःचं काम करते. ते काम म्हणजे नेमकं काय, हे माझ्या काकूला अजूनही कुणाला सांगता येत नाही. "काहीबाही जमवते ती," एवढंच ती म्हणते.

गेल्या उन्हाळ्यात मी आळीतल्या घरांतून जुनी लोखंडी उलथणी मागून आणली. वर्षानुवर्षं भाकऱ्या उलटून, तवा खरवडून झिजलेली. पडवीच्या वाशांना तारेने एका ओळीत टांगली, अगदी डोळ्यांसमोर येतील अशी, आणि बायकांना बघायला बोलावलं.

"यासाठी मुंबईला शिकायला गेली होतीस गो?" काकूच पहिली बोलली. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मनातून खट्टू झाले.

तेवढ्यात एकीने आपलं उलथणं ओळखलं. मग सगळ्याच आपापलं शोधायला लागल्या. उजव्या हाताने खरवडून खरवडून डावा कोपरा कसा तिरका झिजलाय, ते मी एकेकावर दाखवलं.

"रोज हातात धरतो आमी, पण हे कधी दिसलंच नाय," काकू म्हणाली. पुढच्याच उलथण्यापाशी ती थबकली. "ह्याचा तर उजवा झिजलाय! हे कुणाचं?"

शेजारच्या वहिनी पुढे आल्या. "माझं. मी डावखुरी हाय."

आमच्याकडच्या प्रत्येक कार्यात त्यांना उजव्या हाताने वाढताना मी लहानपणापासून पाहत आले होते.

"माहेरी डाव्या हातावर फटके बसायचे," त्या म्हणाल्या. "मग चारचौघांत उजवा. चुलीपाशी कोण बघतंय?"

मला अपराधी वाटलं. त्यांनी एवढी वर्षं झाकलेलं मी सगळ्यांसमोर टांगलं होतं. पण काकूने किटली त्यांच्या पुढ्यात ठेवली. "आता चहा ओत, डाव्याने. बघू दे आमाला." त्यांनी ओतला. थेंबही सांडला नाही.

आठवड्याने वहिनी उलथणं परत न्यायला आल्या. "नवीन घेतलेलं हाताला बसत नाय गो." मी लगेच काढून दिलं.

परवा काकूकडे पूजा होती. प्रसाद वहिनींनी उजव्याच हाताने दिला. मागच्या अंगणात भाकऱ्या मात्र बायकांच्या घोळक्यात बसून, डाव्या हाताने उलटल्या.