आबांसाठी मऊ केक

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने स्वयंपाकघरात शिरू नये, असा कुठे नियम नाही. तो असायला हवा, हे मला गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी कळलं.

झालं असं, की माझ्या सासऱ्यांना, म्हणजे तळेगावच्या मामाजींना, नवी कवळी बसली होती. ती टोचत होती, म्हणून वर्ध्याच्या डॉक्टरांना दाखवायला ते आमच्या नालवाडीच्या घरी येणार होते आणि माझी बायको सुनंदा त्यांना आणायला गेली होती. आमची ओवी पाच वर्षांची. आबांना भाकर चावत नाही हे तिने फोनवर ऐकलं आणि परस्पर जाहीर करून टाकलं, "आबा, तुमी या. मी आन् बाबा तुमच्यासाठी मऊ मऊ केक करून ठेवतो."

मामाजी अंडं खात नाहीत, त्यामुळे विकतचा केक बाद. (विकतचा आणून घरचा म्हणून सांगू, हा माझा प्रस्ताव ओवीने फेटाळला.) शिवाय माझ्या मनात एक जुनी ठुसठुस होती. लग्नाला आठ वर्षं झाली, पण मामाजींनी माझं एकदाही कौतुक केलं नव्हतं. तसा माणूस कंजूष नाही. संत्र्याच्या झाडाचं करतात, बैलाचं करतात, एकदा तर आमच्या स्कूटरचंही केलं. ("जुनी हाय, पण चालते.") जावयाचं मात्र नाही. या केकपायी एखादा बरा शब्द पदरात पडला तर पडला, असं मला वाटत होतं.

आमच्याकडे ओव्हन नाही. पण दिवाळीच्या आधी आमच्या इथल्या बेकरीत लोक रवा, साखर, तूप घेऊन जातात आणि नानकटाई भाजून आणतात. त्याच भट्टीत केक भाजायचं ठरवून मी आदल्या दिवशी पावाचा लांबट साचा मागून आणला.

रविवारी सकाळी आम्ही बसलो. मैदा, साखर, दही, तेल मी कॉलेजच्या सवयीने ग्रॅमवर मोजलं. ओवीने तिच्या सवयीने मुठीने मोजलं. दोघांचंही एकाच पातेल्यात पडलं. मिश्रण एकाच दिशेने फेटायचं असतं, असं मी तिला शास्त्रीय कारणासह समजावलं. कारण सांगून होईपर्यंत तिचा उजवा हात दुखला आणि ती डाव्या हाताने उलटं फेटू लागली. सोडा टाकला की नाही, हे दोघांनाही आठवेना, म्हणून पुन्हा टाकला.

माझी आई तिथेच शेजारी पाठवायच्या चकल्यांचा डबा भरत होती. घरातून तळलेलं किंवा गोडधोड बाहेर निघालं, की वाटेत नजर लागू नये म्हणून ती डब्यात कोळशाचा बारका तुकडा टाकते. धुपाटण्याच्या कोळशाची पिशवी त्यासाठी ओट्याखालीच असते. मी दर वेळी यावर भाषण देतो आणि आई दर वेळी कोळसा टाकते. त्या दिवशीही दोन्ही झालं. ओवीने दोन्ही लक्ष देऊन पाहिलं.

मिश्रण साच्यात ओतलं आणि स्कूटरची चावी सापडेना. ती सापडेपर्यंत ओवी साच्याची राखण करत बसली होती, अगदी शहाण्यासारखी. मी तिला शाबासकीही दिली.

साचा स्कूटरवर पायाशी ठेवून आम्ही निघालो. वाटेत तीन गतिरोधक लागतात. पहिल्याला थोडा केक माझ्या चपलेवर आला, दुसऱ्याला ओवीच्या फ्रॉकवर. तिसऱ्याला आम्ही उतरून चालत गेलो.

बेकरीत नानकटाईचे ट्रे घेऊन बायकांची ही रांग! सगळ्यांचे ट्रे मोठमोठे, माझा एकच साचा, तोही एका बाजूला कललेला. रांगेत माझ्या एका विद्यार्थ्याची आई निघाली. सर प्रॅक्टिकलला आले का, असं तिने विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. आमचा नंबर आल्यावर बेकरीवाल्याने फडकं उचलून आत पाहिलं.

"सर, हे केक होय का खीर होय?"

"केक."

"मंग भट्टीले कळू द्या," असं म्हणून त्याने साचा आत सारला.

भट्टी नानकटाईच्या हिशोबाने तापलेली होती. तासाभराने केक बाहेर आला तो वरून काळपट, एका टोकाला टेकडी आणि मधोमध विहीर. ओवीने सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि समाधानाने म्हणाली, "आबांच्या वावरासारखा झाला."

संध्याकाळच्या एसटीने मामाजी आले. हातपाय धुऊन बसले. ओवीने स्वतः सुरी धरली (सुरीवर माझा हात, माझ्यावर सुनंदाची नजर) आणि टेकडीकडचा मोठा तुकडा आबांना दिला. मी समोर बसलो. खरं सांगतो, बारावीच्या निकालाला एवढी धडधड झाली नव्हती.

मामाजींनी घास घेतला. कट्‌ असा आवाज आला.

त्यांनी शांतपणे तोंडातून काहीतरी काळं काढलं आणि आधी कवळीवरून जीभ फिरवून पाहिली. कवळी शाबूत होती. माझा जीव भांड्यात पडला, पण तोंड थांबेना. साखर जास्त तापली की तिचा कार्बन होतो, असं मी सुरू केलं. मामाजींनी ती काळी वस्तू स्टीलच्या ताटलीत टाकली. टण्ण वाजली. मी कार्बनवरच थांबलो.

"काय होय हे?" त्यांनी विचारलं.

"कोळसा होय आबा," ओवी म्हणाली. "मीनं टाकला. केक बाहेर जाऊन राह्यला होता ना. आजी टाकते."

आईने मान खाली घातली, पण ती हसत होती हे मला दिसलं. मामाजींनी ओवीला मांडीवर घेतलं, माही नात लय हुशार हाय, असं म्हणाले आणि तो तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर शेवटपर्यंत संपवला. केकविषयी अवाक्षर नाही. मी झोपेपर्यंत वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून कवळी घासून आणल्यावर मामाजी गावी निघाले. अर्ध्याहून जास्त केक उरला होता. घरी खातील म्हणून आईने तो डब्यात भरला आणि सवयीने ओट्याखालच्या पिशवीकडे हात नेला. मामाजींनी तिला थांबवलं.

"राहू द्या, विहीणबाई. याले कोणाची नजर लागत नाई."

आठ वर्षांत माझ्या हातच्या वस्तूवर त्यांनी दिलेला हा पहिला अभिप्राय. आणि त्या कोळशावर इतकी वर्षं मी जे भाषण देत आलो होतो, ते त्या दिवशी मामाजींनी एका वाक्यात आईला पटवून दिलं. डबा तसाच गेला. केक तळेगावला सुखरूप पोचला.