लुंबिनी सिस्टर आणि पाच डझन श्वास
लुंबिनी सिस्टर भूकंपानंतरच्या वर्षी किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये जन्मल्या. आता लातूरला आमच्या संस्थेचा तान्ह्या बाळांसाठीचा मदतीचा फोन सांभाळतात. खालच्या मजल्यावर कोचिंग क्लास आहे. तिथे सर फिजिक्स शिकवतात, वर सिस्टरांना गावोगावच्या आयांचे फोन येतात.

मागच्या फेब्रुवारीत एका दुपारी अर्धापूरहून सुमय्याचा फोन आला. पहिलटकरीण, बाळ नऊ दिवसांचं.

"ताई, सकाळपासून दूधच ओढून नाही राहिला. नुसता झोपून हाय."

"व्हिडिओ लावा. त्याची छाती बघू द्या."

पडद्यावर सासूचा, बेगमबीचा, पदर आडवा आला. "चाळीस दिवसांच्या आत परक्याला लेकरू दावत न्हाई आम्ही. नजर लागती."

"अम्मा, मी परकी का?"

"फोनमधली बाई परकीच की!"

सिस्टर हसल्या. वाद घालण्यात वेळ गेला असता, आणि बाळाचा श्वास कसा चालला आहे ते तर कळायलाच हवं होतं. बेगमबीच्या मागे बांगड्यांचे खोके रचलेले दिसत होते.

"मग तुम्हीच मोजा, अम्मा. पोट वर आलं की एक. घड्याळ मी बघते. जमंल ना?"

"पन्नास वर्षं बांगड्या मोजल्या मी. तू मला मोजणं शिकवती?"

"तर डझनानंच मोजा. मिनिटात पाच डझन भरले, तर लगेच दवाखाना."

बेगमबी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजू लागली. मिनिट संपलं.

"पाच डझन, वर चार. न्हाई, गडबड झाली माझी. परत मोजते."

दुसऱ्यांदा तिचा आवाज उतरला. "पाच डझन, वर आठ."

मग मुलावर ओरडली, "शहेबाज, रिक्षा काढ! बघत काय उभा राहिलास?"

नांदेड येईपर्यंत सिस्टरांनी फोन ठेवला नाही. सांगत राहिल्या: बाळ उघडं करून छातीशी घ्या, वरून शाल, नाक-तोंड मोकळं. मध्येच सुमय्यानं विचारलं, "ताई, माझंच काही चुकलं का?"

"न्हाई गं. तूच तर वेळेवर ओळखलंस."

न्यूमोनिया निघाला. सहा दिवस बाळ ऑक्सिजनवर होतं. सातव्या दिवशी सुमय्याचा फोन आला. तिनं फोन बाळाजवळ धरला. दूध ओढल्याचा चुटचुट आवाज येत होता. सिस्टरांनी तो बराच वेळ ऐकला आणि मग विचारलं, "ताप आहे का आज?"