मशीनपुढची रांगोळी

साखर तुमची तुम्हीच घाला बाबांनो, मला सांगू नका. का म्हणून काय विचारता? असा घोळ घातलाय मी, की ऐकून तुम्ही हसाल, पण मला अजून हसू येत नाही.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, प्लॅस्टिकच्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर. स्विचबोर्डाचे डबे करतो आम्ही. गेल्या वर्षी एका चादर कारखान्याच्या मालकांनी, अण्णांनी, बोलावून घेतलं. त्यांच्या शेडमध्ये बोर्ड पेटला होता आणि धाकटा भाऊ त्यात गेला होता.

"आगीनं न्हाय ओ, धुरानं गेला," अण्णा म्हणाले. "धुरानं माणूस मरणार न्हाय, असला डबा हाय का तुमच्याकडं?"

आहे की! मी छाती पुढे काढून सांगितलं. आग रोखायला कित्येक प्लॅस्टिकांत क्लोरीन नाहीतर ब्रोमीनवालं रसायन घालतात, आणि त्याचा धूर घुसमटवतो. आमच्याकडे ते अजिबात नसलेली पांढरी पावडर आली होती. ती तापली की पाण्याची वाफ सोडते. लायटर बाजूला केला की डबा आपोआप विझतो, धूरही नावाला!

या पावडरीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा माझा कडक हुकूम. मीच ती मोजून घमेल्यात काढली, घमेल्यावर खडूने खूण केली. नेमकी दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पूजेसाठी कामगारांनी मशीनं, स्टुलं, घमेली, सगळं लख्ख पुसलं. खूणसुद्धा!

आणि शेजारी काय होतं? दारापासून मशीनपर्यंत वेल काढायची, म्हणून आणलेली घमेलंभर रांगोळी.

रांगोळी काढायला बसलं कोण? मीच! हौस ना! आमचे जुने ऑपरेटर काशिनाथमामा, दुधनीचे, वाकून म्हणाले, "सायेब, ही बोटातनं सुटंना की. लई मऊ लागती."

"मामा, भारीतली आहे," मी म्हणालो.

दसऱ्यानंतर शेजारचं दुसरं घमेलं मी पावडरीचं समजून स्वतःच्या हाताने प्लॅस्टिकात मिसळलं. दगडाची पूड प्लॅस्टिकात चालतेच, त्यामुळे मशीनने हूं की चूं केलं नाही. डबे असे सुबक निघाले, की मी ते न तपासताच अण्णांकडे नेले.

त्यांच्या अंगणात सगळे विणकर गोळा झाले. मी डब्याला लायटर लावला, बाजूला घेतला. "बघा, आता विझेल."

विझेना.

"विझेल, थोडा दम धरा."

डबा धडधडून पेटला! वितळलेले थेंब माझ्या बुटावर. मी एका पायावर नाचतोय आणि तोंडाने चालूच, "विझेल, विझेल!" कुणीतरी खुदकन हसलं. अण्णांनी शांतपणे पाण्याची बादली ओतली.

"माझा भाऊबी असंच म्हणला आसंल," ते म्हणाले, "विझंल म्हणून."

 मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांच्या जिवाचा डबा करतो म्हणायचं आणि घमेलं ओळखता येत नाही!

कारखान्यात परतलो. मशीनपुढची रांगोळी अजून होती. चिमूटभर उचलली. मऊ, पिठासारखी. शेजारी मामा उभे होते. त्यांनीही चिमूट उचलून बोटांत चोळून बघितली.

महिन्याभराने खऱ्या पावडरीचे डबे घेऊन पुन्हा गेलो. या वेळी लायटर अण्णांनी माझ्या हातातून काढून घेतला. डबा पेटला, लायटर दूर होताच विझला. पांढुरकी रेघ उठली आणि विरली. अण्णा तिच्याकडे बघत राहिले.

"एवढाच धूर?"

"एवढाच."

"मग आदी का न्हाय आलात ओ?"

मी दुसरा डबा काढून त्यांच्या हातात दिला.

आता अण्णांच्या शेडमध्ये आमचेच डबे आहेत. पण कारखान्यात पांढऱ्या वस्तूला हात लावायची मला बंदी आहे. परवा चहात साखर घालायला गेलो, तर मामांनी बरणी काढून घेतली, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि मगच म्हणाले, "हां, घाला सायेब."