दुधाच्या पिशव्यांची पिशवी

दुधाची रिकामी पिशवी सफरचंदाच्या सालीसारखी गोल गोल कापत गेलं, की एकच लांब पट्टी निघते. त्या पट्टीचं मी क्रोशाने विणकाम करते. सुरुवातीला दोऱ्याच्या सवयीने टाके घट्ट ओढायचे. मग सुई पुढच्या टाक्यात शिरायचीच नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, गळा आवळतेस का तिचा? सैल सोड जरा."

सैल सोडलं आणि पिशवी झाली. तरी आज ती बाजारात न्यायचा धीर होत नव्हता. चारचौघांत फाटली तर? शेवटी नेलीच.

भाजीवाल्या मावशींनी तिच्यात दोन किलो बटाटे ओतले. टाके ताणले गेले, पिशवी वीतभर खाली उतरली आणि थांबली. प्लॅस्टिक कुजत नाही म्हणून आपण त्याला नावं ठेवतो. त्याचा तोच चिवटपणा आता माझे बटाटे सांभाळत होता.

"कुठनं आणली गं?" मावशींनी विचारलं.

एरवी मी नुसती हसून निघाले असते. "मी विणलीय," म्हटलं, जरा मोठ्यानेच.

"मग किलोभर कांदेही घे की! बघू तुझं विणकाम."

मी पिशवीचं तोंड रुंद करून पुढे धरलं.