सांडलेल्या तुरीचा आवाज

ती आमच्या गावी, सोनाळ्यात, आठवडाभर होती. नाव मी विचारलं नाही. घराघरातले आवाज जमवून ती त्यांचं संगीत करायची, आणि ज्याचा आवाज त्याच्याकडूनच तो एका लांब कापडावर रंगानं काढून घ्यायची. ध्वनिमुद्रणाआधी चपला काढायची, देवघरात जावं तशी.

माझी पत्नी जाऊन वर्ष झालं होतं. "काकूंचा आवाज कोणता?" तिनं विचारलं.

"तूर पाखडण्याचा," मी म्हणालो. तो त्या संगीतात असावा, एवढंच मला हवं होतं. पत्नीचं सूप घेऊन बसलो आणि निम्मी तूर अंगणात सांडली.

"सरका गुरुजी," शेजारीण म्हणाली. "वहिनी दोनदा थापटे अन् मंग पाखडे." तिच्या हातून तो आवाज हुबेहूब आला.

"माझं सांडणं तेवढं काढून टाका," मी म्हणालो.

हेडफोन मानेवर सरकवत ती म्हणाली, "नको. ते काढलं तर काकू एकट्या पडतील."

मग कापडावर मी तांबडे ठिपके काढत बसलो. शेजारीण वाकून पाहत म्हणाली, "इतकी सांडली? वहिनीनं तुमाले जेवाले नसतं वाढलं."

मी आणखी दोन ठिपके काढले.